डासांच्या नकाशावर आमची आळी

पुण्याहून भूगोलात एम.एस्सी. आणि वर कॉम्प्युटरवर नकाशे काढायचा कोर्स करून मी घरी परत आले, तेव्हा आता ही शाळेत शिकवणार असं आई धरून चालली होती. आमच्या घरात दुसरं काही होण्याची पद्धतच नव्हती. अण्णा, म्हणजे माझे वडील, जन्मभर प्राथमिक शाळेत गुरुजी. थोरली बहीण बारामतीला शिक्षिका. तिच्या नवऱ्याला निवडतानासुद्धा तो शिक्षक आहे हे आधी बघितलं होतं. अशा घरात मी एके दिवशी सांगितलं, की मला बारामतीला नोकरी लागली आहे आणि काम आहे हिवतापाच्या डासांचा नकाशा करायचं.

"डासांचा?" आई म्हणाली.

"हो."

"ते एका जागी बसतात का?"

प्रश्न रास्त होता. मी तिला समजावलं, की डास बसत नाहीत, पण ज्या पाण्यात ते अंडी घालतात ते पाणी एका जागी असतं. गोठे, घरं, विहिरी, हौद एका जागी असतात. डास काही मैलोनमैल उडत नाही. ताप कुठं जास्त, डास कुठं जास्त, पाणी कुठं साचतं, हे सगळं एकाच नकाशावर कॉम्प्युटरमध्ये भरलं, की औषध कुठं फवारायचं ते कळेल. उगाच सगळ्या गावाच्या भिंती रंगवायला नकोत.

"बरं," आई म्हणाली, "पण पगार देतात ना?"

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. अंथुर्ण्याच्या अलीकडं कॅनॉलच्या दोन्ही अंगांना पसरलेली आमची वाडी आणि आसपासची काही गावं या कामासाठी निवडलेली होती. मी मुलाखतीत आमच्या वाडीचं नाव काढलं नव्हतं, पण ते अर्जावरच्या पत्त्यात होतं आणि यादीतही, त्यामुळंच मला घेतलं असावं. प्रकल्पाच्या प्रमुख एक डॉक्टर मॅडम होत्या. त्या पुण्याहून यायच्या, कमी बोलायच्या आणि डासांबद्दल बोलताना नेहमी "ती" म्हणायच्या, कारण चावते ती मादी. पहिले काही दिवस "ती फार हुशार आहे, पहाटे गोठ्यात विसावते" असं त्या म्हणाल्या, की मला वाटायचं ऑफिसातल्या कुणाबद्दल तरी चाललंय.

दुसरे होते मामा. त्यांच्या पदाचं नाव कीटक समाहारक. इंदापूरचे, पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे. त्यांना जो भेटेल तो भाचा असायचा, म्हणून सगळेच त्यांना मामा म्हणायचे. काचेची एक नळी, तिला रबरी नळी जोडलेली, मध्ये जाळी. भिंतीवर बसलेल्या डासावर काच टेकवायची, तोंडानं हलकेच ओढायचं, डास आत. हे काम ते गप्पा मारता मारता करायचे.

"तोंडात न्हाय जात का वो?" गोठ्यातली बाई विचारायची.

"जाळी हाय, वैनी. न्हायतर आतापर्यंत माझं पोट भरलं नसतं का?"

आणि तिसरी मी. माझ्याकडं एक यंत्र होतं, टीव्हीच्या रिमोटपेक्षा जरा जाड. ते उघड्यावर धरलं की आकाशातल्या उपग्रहांचा माग काढायचं आणि आपण पृथ्वीवर नेमके कुठं उभे आहोत याचे आकडे द्यायचं. आता कुणाच्याही खिशातला फोन हे करतो. तेव्हा ते यंत्र उपग्रह सापडेपर्यंत एवढा वेळ घ्यायचं, की मी लोकांच्या अंगणात हात वर करून नुसती उभी असायची. बाया कामं टाकून बघायच्या. एका म्हातारीनं तर हातातलं धुणं खाली ठेवून विचारलं, "तुला दिवसा चांदण्या दिसत्यात व्हय गं?"

अशा उभ्या राहण्यानं आठवड्याभरात अफवा उठली. लोणी देवकरला जशी कारखान्यांची वसाहत झाली तशी आता आपल्याकडं येणार, जमिनीची मोजणी सुरू झालीय आणि डास हे नुसतं निमित्त आहे. त्यात मी गुरुजींची मुलगी, म्हणजे आतली बातमी मला असणारच. काही लोक मला बघितलं की बांधावरून लांब जायचे. काही मुद्दाम जवळ यायचे, चहा द्यायचे आणि हळूच म्हणायचे, "आमचं माळरान बी घ्या की नकाशात. तिकडं काय पिकत न्हाय."

तात्या या दुसऱ्या जातकुळीतले. कॅनॉलच्या कडेला त्यांचा ऊस, उसाच्या टोकाला उंचवट्यावर घर. पुढचा भाग स्लॅबचा, मागचा पत्र्याचा. त्यांनी मला अंगणाच्या बरोबर मध्ये उभं केलं.

"हितून धर. आन नकाशात लिहिताना बंगला असं लिही."

"तात्या, नकाशात नुसता ठिपका येतो."

"मग ठिपका जरा मोठा काढ."

मी आकडे टिपून घेतले, चहा घेतला आणि पुढच्या घरी गेले.

आमचं ऑफिस बारामतीतल्या एका कॉलेजच्या मागच्या इमारतीत होतं. एक खोली, तिला एसी, कारण कॉम्प्युटरला गरम होऊ द्यायचं नव्हतं. आम्हाला झालं तरी चालायचं. चपला बाहेर काढायच्या, आत धूळ आणायची नाही. मोठ्या टेबलावर कागदी नकाशा चिकटवून त्यावरचे रस्ते, ओढे, कॅनॉल मी एका यंत्रानं गिरवायची, तेव्हा ते पडद्यावर उमटायचे. वीज गेली की उमटलेलं सगळं पुसलं जायचं. मग त्यावर मी गोळा केलेली घरं चढवायची. पहिल्यांदा ती चढवली आणि पडदा बघून मी वहीतले आकडे पुन्हा तपासले. मारुतीचं देऊळ ओढ्यापलीकडं गेलं होतं. शाळा उसात होती. आणि तात्यांचा बंगला बरोबर कॅनॉलच्या मधोमध.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आकडे तुझे बरोबर आहेत. उपग्रहांचेच चुकलेत." ते उपग्रह अमेरिकेच्या लष्कराचे. परक्या लोकांना नेमकी जागा कळू नये म्हणून तिकडून मुद्दाम थोडा घोळ घातलेला असे. शंभरेक मीटर इकडंतिकडं व्हायचं. लढाईत ठीक आहे, पण वाडीत शंभर मीटर म्हणजे माणूस दुसऱ्याच्या घरात जातो.

हे आमच्यात राहिलं असतं. पण मामा त्या संध्याकाळी अंथुर्ण्याच्या चहाच्या टपरीवर थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या दारात धोतर, सदरा, टोपी घातलेले तात्या उभे होते. पहिल्या गाडीनं आले होते. चपला त्यांनी बाहेर काढल्या आणि आत बसून नजरेसमोर राहतील अशा सरकवल्या.

"कुठं हाय मी?"

मी पडद्यावर दाखवलं. निळी रेघ, तिच्यावर लाल ठिपका. तात्या वाकून बराच वेळ बघत राहिले.

"सून म्हणती, मामंजी, आता पोहायला शिका. पारावर लोकं इचारत्यात, तात्या, पाणी किती आलंय आज? ह्ये कुनी केलं?"

मी उपग्रहांचं सगळं सांगितलं. तात्यांनी ते मन लावून ऐकलं.

"म्हंजी अमेरिकेनं मला कॅनॉलमधी टाकलं?"

"तसंच म्हणायचं."

"माझी तिची काय वळख ना पाळख!" तात्या मागं टेकून बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू जाऊन तिथं एक वेगळंच समाधान आलं. सुनेला सांगायला आता त्यांच्याकडं काहीतरी होतं. मग ते म्हणाले, "ते जाऊ दे. मला भाईर काढ."

तात्यांना बाहेर काढायचं म्हणजे सगळ्या वाडीलाच जागेवर आणायचं होतं. उपाय दोन होते. एकाच ठिकाणी खूप वेळ थांबून पुन्हा पुन्हा आकडे घ्यायचे आणि त्यांची सरासरी काढायची. आणि कॅनॉलवरचा पूल, शाळेचा कोपरा अशा कागदी नकाशात पक्क्या असलेल्या जागांपासून टेप लावून मोजायचं. टेपचं एक टोक दिवसभर तात्यांनी धरलं. ते दुसऱ्या कुणाला धरूच देईनात. "ढिली पडली की मी पुन्ना पाण्यात," असं म्हणत ते टेप अशी ताणायचे, की दुसऱ्या टोकाला मी ओढली जायची. पुलापासून त्यांच्या घरापर्यंत ते उसाच्या सरीतून, काट्यातून, शेजाऱ्याच्या गोठ्यातून सरळ रेषेत गेले. शेजाऱ्याची म्हैस वाटेत बसली होती, ती उठेपर्यंत थांबले.

नव्या नकाशात ठिपका काठावर आला. छापलेला कागद मामांनी पोचवला, तेव्हा तात्यांनी तो पारावर फिरवला. जमिनीची अफवासुद्धा त्याच दिवशी मेली. ज्या सरकारला तात्यांचं घर पाण्यात दिसतं ते आपली जमीन काय घेणार, असं लोकांनी ठरवलं.

आता नकाशा भरवशाचा झाला, तेव्हा खरं काम सुरू झालं. मामांनी कुठल्या घरात, कुठल्या गोठ्यात किती डास धरले ते आम्ही गोलांनी दाखवू लागलो. जिथं डास जास्त तिथं गोल मोठा. कॅनॉलच्या काठानं मोठमोठे गोल येणार याची सगळ्यांना खात्री होती. हिवताप कॅनॉलमुळं येतो हे आम्ही लहानपणापासून ऐकत होतो आणि फवारणीसुद्धा दरवर्षी काठापासूनच सुरू व्हायची. औषध बऱ्याचदा तिथंच संपायचं.

पडद्यावर गोल उमटले. काठानं काही होते, कॅनॉलचं पाणी पाझरून खड्डे झाले होते तिथं. पण सगळ्यात जाड पुंजका कॅनॉलपासून लांब, वाडीच्या दुसऱ्या टोकाला होता. एकात एक अडकलेले लाल गोल, जसं कुणी कुंकवाची डबी उपडी केली.

"हा कुठला भाग?" मॅडमनी विचारलं.

मामा खिडकीबाहेर बघू लागले.

"आमची आळी," मी म्हणाले.

आमची आळी म्हणजे बौद्ध वस्ती. विहाराभोवती पंचवीस-तीस घरं, अंगणं सारवलेली, बऱ्याच घरांत कुणी ना कुणी नोकरीला, कुणी वालचंदनगरला कारखान्यात, कुणी पोस्टात. स्वच्छतेचा आम्हाला अभिमान होता आणि त्या अभिमानाचे अध्यक्ष अण्णा होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी विहारापुढं सिमेंटचा गोल हौद बांधून घेतला होता. कुठून कुठून कमळाचे कंद आणून त्यात लावले होते. पौर्णिमेला बाया त्यातली फुलं बुद्धाच्या मूर्तीपुढं वाहायच्या. कमळ उमललं की अण्णा जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून दाखवायचे. मोठ्यात मोठे गोल त्या हौदाभोवतीच्या घरांवर होते.

दुसऱ्या दिवशी मामा आणि मी पांढरा पळा घेऊन हौदापाशी गेलो. लांब दांड्याचा पळा, पाण्यात बुडवून अळ्या बघायला. अण्णा कठड्यावर बसून पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडं बघितलं.

"गुरुजी, जरा पाणी बघायचं व्हतं," मामा म्हणाले. हा माणूस माझ्यासमोर प्रथमच अडखळत होता.

"बघा की. स्वच्छ आहे."

"त्याचीच भीती हाय," मामा पुटपुटले. हिवतापाच्या डासाला घाण पाणी चालत नाही, त्याला स्वच्छच लागतं.

पळा बाहेर आला. त्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून, आडव्या. दुसऱ्या डासांच्या अळ्या डोकं खाली करून तिरप्या लोंबकळतात, हिवतापाच्या डासाच्या आडव्या पडतात. मामांनी ते समजावून सांगितलं. अण्णांनी पेपरची घडी केली, चष्मा पुसला, पळा हातात घेतला.

"एका उदाहरणावरून नियम काढत नाहीत. पुन्हा बुडवा."

पुन्हा बुडवला. पुन्हा अळ्या.

"दुसऱ्या बाजूनं."

तिकडंही होत्या. अण्णांनी पेपर काखेत मारला. मग म्हणाले, "आळीतले बाकीचे हौद?"

नळाला पाणी रोज येत नसे, म्हणून आमच्याकडं घरोघर सिमेंटचे हौद होते. पुढं अण्णा, मागं पळा घेऊन मामा, त्यांच्या मागं मी आणि माझ्या मागं आळीतल्या रिकाम्या असतील नसतील तेवढ्या बाया, अशी वरातच निघाली. पहिल्या हौदात अळ्या. दुसऱ्यात अळ्या. पोस्टमास्तरांच्या हौदात तर कमळाच्या हौदापेक्षा जास्त. तिथं अण्णांचा चेहरा जरा खुलला. मला ते दिसलं आणि मी मान वळवून हसले.

"तुझा नकाशा बरोबर आहे," संध्याकाळी ते मला म्हणाले. शाळेतसुद्धा त्यांनी मला एवढे गुण कधी दिले नव्हते. "पण कमळं मी काढणार नाही."

"काढू नका. मासे सोडू," मी म्हणाले.

गप्पी मासे. बोटाच्या पेरापेक्षाही लहान, अळ्या खाऊन जगणारे. बारामतीत एका विहिरीत ते मुद्दाम पाळलेले होते. अण्णा स्वतः न्यायला आले, घरची प्लॅस्टिकची कळशी घेऊन. आम्ही बारामती-इंदापूर गाडीत बसलो, कळशी अण्णांच्या मांडीवर, तोंडाला आईचं जुनं फडकं बांधलेलं. कंडक्टर आला.

"काय हाय कळशीत?"

"मासे," अण्णा म्हणाले.

"वास यील की, गुरुजी. पॅशिंजर वरडत्यात."

"जिवंत आहेत."

कंडक्टरनं फडकं बाजूला करून आत बघितलं. मग पुढच्या बाकावरच्यानं बघितलं. मग कळशी एकेका बाकावर फिरून आली. एकजण म्हणाला, एवढ्याश्याचं कालवण कसं करणार? सणसरच्या पुढं गाडीनं एका खड्ड्यात असा गचका खाल्ला, की अर्धं पाणी अण्णांच्या पायजम्यावर आलं. शेजारी वालचंदनगरच्या कारखान्यातला एक फिटर होता. त्यानं लगेच आपली बाटली पुढं केली.

"कुठलं पाणी?" अण्णांनी विचारलं.

"कॉलनीच्या नळाचं. एकदम शुद्ध."

"म्हणजे औषध घातलेलं. मासे मरतील."

गाडीत एकच चर्चा सुरू झाली, विहिरीचं पाणी कुणाकडं आहे का? मागून एका बाईनं तांब्या पाठवला. आमच्या मळ्यातलं आहे, म्हणाली, पण तांब्या परत पाठवा. कंडक्टरसुद्धा पुढं जाऊन ड्रायव्हरला म्हणाला, "जरा हळू घ्या, मासं हायती." जंक्शनला, वालचंदनगरच्या फाट्यावर, फिटर उतरला तो खिडकीतून हात आत घालून कळशीला निरोप देऊन गेला.

मासे हौदात सुटले तेव्हा सगळी आळी जमली होती. शेजारच्या काकूंनी विचारलं, "गप्पी म्हंजी गप्पा मारत्यात का?"

"मारत असतील तर तुमच्याकडून शिकतील," आई म्हणाली.

काही आठवड्यांनी मामांनी पळा बुडवला, तर नुसतं पाणी. अण्णांनी चार बाजूंनी बुडवायला लावला, तरी नुसतं पाणी. मासे मात्र वाढले होते. आळीतल्या प्रत्येक हौदाला अण्णांनी तांब्यातांब्यानं मासे वाटले आणि वाटताना एक छोटं व्याख्यान दिलं, ते कुणाला चुकलं नाही. मग एका सकाळी तात्या आले, हातात बादली. आमच्या आळीत ते निवडणुकीच्या हंगामात यायचे, तेही कोपऱ्यापर्यंत. त्या दिवशी थेट विहारापाशी आले आणि हौदाच्या कठड्यावर बसले.

"गुरुजी, मला बी द्या थोडं. विहिरीत टाकतो."

अण्णांनी त्यांना कमळं दाखवली, व्याख्यान दिलं आणि आईनं चहा आणला. तात्यांनी बशीत ओतून तो सावकाश प्यायला. त्यांच्या मागोमाग काठावरचे बाकीचेही बादल्या घेऊन यायला लागले. अण्णांचा दुपारचा पेपर बंद पडला.

इंदापुरात आरोग्य खात्याची बैठक झाली तेव्हा मॅडमनी भिंतीवर नकाशा लावला. फवारणी त्या वर्षी आमच्या आळीपासून आणि आसपासच्या गोठ्यांपासून सुरू झाली, काठावरचे पाझराचे खड्डे बुजवले, उरलेल्या पाण्यात मासे. पुढच्या पावसाळ्यात ताप अजिबात आला नाही असं नाही. कमी आला. मी लगेच उड्या मारायला लागले, तर मॅडम म्हणाल्या, "एका वर्षात तिची हार झाली असं समजू नकोस."

प्रकल्प संपायच्या आधी नकाशाची एक मोठी प्रत आम्ही ग्रामपंचायतीला दिली. कॉम्प्युटरला तेव्हा मराठी नीट लिहिता येत नव्हतं, म्हणून सगळी नावं अण्णांनी शाईच्या पेनानं आपल्या वळणदार अक्षरात घातली. ज्या दिवशी तो भिंतीवर लागला त्या दिवशी पंचायतीत दुपारभर गर्दी होती. जो तो आपलं घर शोधून त्यावर बोट ठेवत होता, आणि आधीच्या माणसाचं बोट निघेपर्यंत मागचा ढकलत होता.

डोक्यावर पदर घेतलेली एक तरुण बाई बराच वेळ कडेला उभी होती. गर्दी ओसरल्यावर ती पुढं आली. नकाशाच्या उजव्या कडेवरून तिनं बोट फिरवलं, मग कागदाच्या पलीकडं भिंतीवर थोडं नेलं.

"ताई, माझं माहेर निमगावच्या अंगाला हाय. ते दिसंना."

"तिथपर्यंत नकाशा केला नाही," मी म्हणाले. "तिकडून तापाच्या फारशा तक्रारी आल्या नव्हत्या."

"ताप न्हाय व्हय तिकडं?" तिचं तोंड एकदम फुललं. मागं बाकावर तिची सासू बसली होती. सून तिकडं वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "ऐकलंत का आत्याबाई? ताप माझ्या माहेरचा न्हाय, सरकारनं कागदावर लिवून दिलंय!"